मियाटात मोठं इंजिन बसवताना वजन नेमकं कुठे जातं

माझदाची एमएक्स-५, म्हणजे सगळे जिला मियाटा म्हणतात ती, १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये आली तेव्हा तिच्यात १.६ लिटरचं, जेमतेम ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं आणि गाडीचं वजन होतं साधारण ९६० किलो. ताकद कमी, पण अंग हलकं, आणि दोन अ‍ॅक्सलमध्ये वजनाची वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी. पहिल्या काही वर्षांतच अमेरिकेत लोकांनी तिच्यात फोर्डचं ५ लिटरचं व्ही८ कोंबलं, आणि तेव्हापासून एक वाक्य सतत ऐकू येतं: मोठं इंजिन घातलं की नाक जड होतं आणि गाडी बिघडते.

नाक जड होतं हे खरं. पण गाडी बिघडते ती बहुतेक वेळा इंजिनाच्या वजनामुळे नाही. इंजिनामागून जे सामान येतं ते कुठे बसवलं, आणि स्प्रिंग तशाच ठेवल्या का, यावर सगळं ठरतं. हे आकड्यांत मांडलं की लगेच दिसतं, म्हणून आधी आकडेमोड.

उदाहरण घेऊ सगळ्यात गाजलेल्या अदलाबदलीचं: जनरल मोटर्सचं एलएस१, १९९७च्या कॉर्व्हेटबरोबर आलेलं ५.७ लिटरचं अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं व्ही८. मियाटाचं मूळ इंजिन चार सिलिंडरचं असलं तरी त्याचा ब्लॉक बिडाचा आहे, फक्त हेड अ‍ॅल्युमिनियमचं. त्यामुळे सगळ्या जोडण्यांसकट दोन्ही इंजिनांतला फरक लोक समजतात तेवढा नाही. हिशेबासाठी ६० किलो धरा. व्ही८ म्हणजे चार सिलिंडरांच्या दोन ओळी शेजारी-शेजारी, त्यामुळे लांबीला ते मूळ इंजिनाच्या आसपासच राहतं आणि बरंचसं पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे सरकवता येतं. त्याचा गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या मागे २०० मिलिमीटर आहे असं धरू. गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, २२६५ मिलिमीटर. म्हणजे या जादा ६० किलोंपैकी सुमारे ५५ किलो पुढच्या चाकांवर आणि ५ किलो मागच्या चाकांवर.

आता गिअरबॉक्स. मूळ पाच गिअरचा डबा एलएसच्या टॉर्कपुढे टिकत नाही, त्याच्या जागी सहा गिअरचा टी५६ येतो. २० किलो जास्त, आणि तो पुढच्या अ‍ॅक्सलपासून साधारण मीटरभर मागे. यातले ११ किलो पुढे, ९ मागे. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा डबा, बदलावंच लागतं, त्याच्याबरोबर जाड हाफशाफ्ट, म्हणजे तिथून चाकांकडे जाणारे दांडेही. हे २५ किलो धरले तर ते सगळेच्या सगळे मागच्या चाकांवर.

बेरीज करा. आधी ५२ टक्के पुढे होतं, म्हणजे ४९९ किलो पुढे, ४६१ मागे. आता ५६५ पुढे, ५०० मागे. एकूण १०६५. पुढचा वाटा ५३ टक्के. १०५ किलो वाढले आणि वाटणीत फरक पडला एका टक्क्याचा. 

पण टक्केवारी सगळं सांगत नाही. इथेच बहुतेक चर्चा थांबतात, आणि खरी गंमत इथून पुढे आहे.

खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. दोन्ही टोकांना सारख्या भरलेल्या घागरी, तोल अगदी बरोबर पन्नास-पन्नास. त्याला चटकन मागे वळायला सांगा. वळायला सुरुवात उशिरा होते आणि एकदा वळायला लागला की थांबायलाही वेळ लागतो. त्याच घागरी छातीशी कवटाळून उभा असेल तर जागच्या जागी गर्रकन वळेल. गाडीचंही तसंच. वजन किती यापेक्षा ते गुरुत्वमध्यापासून किती लांब आहे ते महत्त्वाचं, कारण वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो.

मियाटाचा गुरुत्वमध्य पुढच्या अ‍ॅक्सलपासून सुमारे १०९० मिलिमीटर मागे. इंजिनाचे जादा ६० किलो त्याच्यापासून ८९० मिलिमीटरवर. ६० गुणिले ०.८९चा वर्ग, म्हणजे ४७ किलोग्रॅम-वर्गमीटर. आता व्ही८साठी लागणारा जाड रेडिएटर, दोन पंखे आणि त्यातलं जास्तीचं पाणी मिळून १० किलो वाढले असं धरा. रेडिएटर अगदी नाकात, अ‍ॅक्सलच्या पुढे ४५० मिलिमीटरवर. गुरुत्वमध्यापासून अंतर १५४० मिलिमीटर. १० गुणिले १.५४चा वर्ग, म्हणजे २४. इंजिनाच्या एक षष्ठांश वजनाने इंजिनाच्या निम्मा त्रास दिला! शिवाय अ‍ॅक्सलच्या पुढे असल्यामुळे हे १० किलो पुढच्या चाकांवर १२ होऊन बसतात आणि मागच्या चाकांवरून २ किलो उचलून घेतात.

म्हणून सगळ्यात जाड रेडिएटर विकत घेण्याआधी गाडीच्या पोटाखाली वाका आणि प्लॅस्टिकचा अंडरट्रे जागेवर आहे का ते बघा. बऱ्याच जुन्या मियाटांमध्ये तो नसतो, कुठल्यातरी ऑइल बदलात कुणीतरी काढून कोपऱ्यात टाकलेला असतो. तो नसला की नाकातून शिरलेली हवा रेडिएटरमधून जायचं सोडून सोप्या वाटेने खालून निसटते. अंडरट्रे लावा, रेडिएटरच्या दोन्ही बाजू आणि वरची फट अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने आणि फोमच्या पट्टीने बंद करा. एवढ्या कामाला किलोभरही वजन लागत नाही. त्यानंतरही पाणी तापत असेल तरच मोठा रेडिएटर. उलट क्रम लावणारे लोक नाकात वजन वाढवतात आणि गाडी तापतच राहते.

हाच नियम टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्यालाही लागू आहे, हे जाता जाता. "इंजिन बदलत नाही, फक्त टर्बो लावतो, म्हणजे वजनाचा प्रश्नच नाही" असं म्हणणाऱ्याने इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी), त्याचे पाइप आणि त्यांचे ब्रॅकेट कुठे बसतात ते बघावं. रेडिएटरच्याही पुढे.

आता स्प्रिंग. पुढच्या अ‍ॅक्सलवर ६६ किलो वाढले, म्हणजे एका चाकावर ३३. जुन्या मियाटाची पुढची मूळ स्प्रिंग साधारण २.८ किलो प्रति मिलिमीटर. पण स्प्रिंग चाकावर थेट उभी नसते, ती खालच्या आर्मवर आतल्या बाजूला असते. चाक १० मिलिमीटर वर गेलं तर स्प्रिंग सुमारे ७ दाबते. म्हणून चाकाला जाणवणारा कडकपणा २.८ गुणिले ०.७२चा वर्ग, म्हणजे १.४५च्या आसपास. ३३ भागिले १.४५: नाक २२-२३ मिलिमीटर खाली बसलं.

एवढंसं वाटतं ना? पण या गाडीच्या सस्पेन्शनची चाल मुळातच तोकडी आहे. त्यातले २२ मिलिमीटर उभ्या-उभ्या गेले की वळणात गाडी झुकल्याबरोबर बाहेरचं पुढचं चाक बंपस्टॉपवर, म्हणजे चाल संपते तिथल्या रबराच्या ठोकळ्यावर, जाऊन बसतं. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम काही पटींनी वाढतो, टायरवर भार आदळतो, पकड सुटते आणि नाक बाहेर जातं. ड्रायव्हर म्हणतो, "बघा, व्ही८मुळे नाक जड झालं." दोष इंजिनाचा नाही, रबराच्या त्या बोटभर तुकड्याचा आहे.

उपाय करताना दुसरं टोक गाठू नका. चाकाचा स्वतःचा भार, म्हणजे स्प्रिंगच्या खालचं वजन, ३० किलो वजा केला तर एका पुढच्या कोपऱ्यावर स्प्रिंगने उचलायचं वजन २२० किलोंवरून २५३वर गेलं. वाढ १५ टक्के. गाडीची मूळची चाल टिकवायला पुढची स्प्रिंगही १५ टक्केच कडक हवी, आणि उंची परत आणायला स्प्रिंगचा बैठक-नट फिरवता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर यांची एकत्र जोडी. रेसट्रॅकसाठी दुप्पट-तिप्पट कडक स्प्रिंग लावायच्या असतील तर जरूर लावा, पण त्याचं खापर इंजिनावर फोडू नका. आणि डॅम्पर, म्हणजे स्प्रिंगचं हेलकावणं आवरणारा शॉकअप, बदलल्याशिवाय स्प्रिंग बदलू नका. जुना डॅम्पर कडक स्प्रिंगला आवरू शकत नाही, गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारत वळते.

कोणतं इंजिन, हा प्रश्न आता सोपा होतो. फोर्डचं ५ लिटर व्ही८ बिडाच्या ब्लॉकचं. अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणि इनटेक लावले तरी ते एलएसपेक्षा जडच, आणि आज ते निवडायचं कारण फक्त स्वस्ताई. माझदाचंच १३बी रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेलं इंजिन, "हलकं" म्हणून सांगितलं जातं. नुसतं इंजिन टेबलावर ठेवलं तर ते लहान आणि बुटकं आहे हे खरं, पण टर्बो, इंटरकूलर, ऑइल कूलर आणि भलामोठा रेडिएटर मोजला की हलकेपणा संपतो, आणि यातलं बहुतेक सामान नाकातच जातं. वर कावडीचा हिशेब केलाच आहे.

तिसऱ्या पिढीच्या एमएक्स-५चं काम सगळ्यात सरळ. तिच्या २ लिटर इंजिनाच्या जागी त्याच घराण्यातलं २.५ लिटर बसतं. खालचे बॅलन्स शाफ्ट, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणारे दांडे, काढायचे, ऑइल चेंबर आणि इनटेक मूळ गाडीचे वापरायचे. वजनात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही आणि गाडीच्या वागण्यात काहीच बदलत नाही. ज्याला वळणं आवडतात त्याने इथेच थांबावं.

पहिल्या दोन पिढ्यांसाठी आमचं मत होंडाच्या के२४ला. २.४ लिटर, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, अ‍ॅक्युरा टीएसएक्समधल्या के२४ए२ला कारखान्यातूनच २०० हॉर्सपॉवर. मूळ बिडाच्या इंजिनाएवढ्याच वजनात जवळजवळ पावणेदोन पट ताकद मिळते. जुन्या बी मालिकेतली होंडा इंजिनं उलटी फिरतात, के मालिकेतली सरळ, म्हणून मियाटाचा गिअरबॉक्स अडॅप्टर प्लेट घालून वापरता येतो. सहा गिअरचा असेल तर उत्तम. १.६च्या गाडीतलं ६ इंचाचं डिफरन्शियल मात्र काढाच, १९९४पासूनच्या १.८ गाड्यांचं ७ इंचाचं हाफशाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टसकट आणा. फक्त डिफ आणून जुने शाफ्ट जोडता येत नाहीत.

के२४ची अडचण उंचीत आहे. स्ट्रोक ९९ मिलिमीटर, म्हणजे ब्लॉक उंच. बॉनेट बंद व्हायचं तर इंजिन खाली बसवायचं, आणि खाली मियाटाचा क्रॉसमेंबर, म्हणजे सांगाड्याची आडवी तुळई. त्यामुळे ऑइल चेंबर उथळ आणि वेगळ्या आकाराचा करावा लागतो. उथळ चेंबरमध्ये लांब वळणावर तेल एका भिंतीला जाऊन चढतं, पंप हवा ओढतो आणि पहिले जातात ते कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. चेंबरमध्ये झडपांसह बॅफल, म्हणजे तेल अडवणारा पडदा, असलाच पाहिजे, आणि तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला. बॅलन्स शाफ्ट काढून के२०चा ऑइल पंप लावतात तेही इथेच, कारण चेंबर एकदा बसला की परत काढायला इंजिन उचलावं लागतं.

दुसरी गोष्ट उजवीकडे स्टीअरिंग असलेल्यांसाठी, म्हणजे इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियात हे करणाऱ्यांसाठी. मियाटाच्या मूळ इंजिनाचा एक्झॉस्ट डाव्या अंगाला आहे. के२४ गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं की तो उजव्या अंगाला येतो, म्हणजे थेट स्टीअरिंग शाफ्टच्या वाटेत. अमेरिकेतल्या डाव्या स्टीअरिंगच्या गाडीसाठी बनवलेला हेडर, म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्यांचा जुडगा, मागवण्याआधी मोजमाप घ्या.

उंचीवरून आणखी एक. इंजिन २० मिलिमीटर वर बसलं म्हणून काही लोकांची झोप उडते. १३० किलोचं इंजिन २० मिलिमीटरने चढलं तर हजार किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य चढतो २.६ मिलिमीटर. एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या, जोराच्या वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जे तीनशेहून जास्त किलो सरकतात, त्यात याने भर पडते दोनेक किलोंची. त्या २० मिलिमीटरसाठी क्रॉसमेंबर कापून कमकुवत करण्यात अर्थ नाही.

एलएस बसवताना मूळ पुढचा सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन धरणारा सांगाडा, जातो आणि नळ्यांचा नवा येतो. मियाटात गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफ यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब तुळई असते, पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात तिला. टी५६ आला की ती निघते. मग गिअरबॉक्सला स्वतःचा क्रॉसमेंबर लागतो आणि डिफच्या नाकाला स्वतःचा आधार. हा आधार मऊ रबरावर ठेवला तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर डिफचं नाक वर उसळतं, खाली येतं, परत उसळतं, आणि मागची चाकं टपटप उड्या मारू लागतात. लोक डॅम्पर बदलत बसतात. आधाराचा मऊ रबरी बुश बदलायला हवा असतो.

पेट्रोलच्या बाजूला कॉर्व्हेटचा फिल्टर वापरतात, त्यातच रेग्युलेटर असतो आणि तो ४ बारला दाब धरतो. तो टाकीजवळ मागे लावला की पुढे एकच नळी न्यावी लागते.

टॉर्क १३५ न्यूटन-मीटरवरून ४७५वर, म्हणजे साडेतीन पट. गाडीचं वळणातलं वागणं बदलतं ते मुख्यतः इथे. आधी वळणाच्या मध्यावर पाय पूर्ण दाबला तरी काही व्हायचं नाही, आता बोटभर दाबला तरी पाठ निसटते. १.६बरोबर आलेले १८५/६०आर१४ टायर इथे कामाचे नाहीत. ९ इंच रुंदीच्या १५च्या रिमवर २२५/४५आर१५ ही सुरुवात, आणि त्यासाठी मडगार्डची आतली कड मुडपावी लागते. डिफरन्शियलचं अंतिम गुणोत्तर मूळचं ४.३ ठेवलं तर पहिला गिअर नुसता नावाला राहील, ते ३.५च्या खाली आणा. अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढणारी चकती हळू उघडणारी निवडा. ही शंभर-दोनशे रुपयांची वाटावी अशी वस्तू गाडी माणसात आणते.

ब्रेक विसरणारे कमी नाहीत. आधी सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग १६० असेल आणि आता २००, तर वेगाच्या वर्गामुळे १.५६ पट आणि वजनामुळे १.११ पट, मिळून १.७३ पट उष्णता त्याच डिस्कमध्ये जाते. १.६च्या २३५ मिलिमीटरच्या पुढच्या डिस्क दोन फेऱ्यांत हात टेकतात. दुसऱ्या पिढीच्या स्पोर्ट गाड्यांच्या २७० मिलिमीटरच्या डिस्क आणि कॅलिपर, चांगलं ब्रेक ऑइल, आणि पुढच्या बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत हवेची नळी, एवढं तरी करा.

भारतात हे करता येईल का असं कुणी ना कुणी विचारतंच. मुळात ही गाडी इथे अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींनी दुसऱ्या कारणासाठी सावध राहावं: तिथे बसवलेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं, त्याची प्रदूषणाची सगळी यंत्रणा जागेवर हवी, आणि तपासणी सरकारने नेमलेल्या रेफरीकडूनच होते.

सगळं जोडून झाल्यावर गाडी चार काट्यांवर चढवा. जमीन पाणसळीत हवी, चारही काटे एका पातळीत. टायरमध्ये ठरलेली हवा, टाकी निम्मी, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या. अँटीरोल बारचा, म्हणजे गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांड्याचा, एका बाजूचा दुवा सोडा, नाहीतर बारच खोटं वजन दाखवेल. गाडी दोन फूट मागे-पुढे ढकलून सस्पेन्शन मोकळं करा, मग आकडे लिहा. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी हवी, अर्धा टक्का इकडे-तिकडे चालेल. ज्या कोपऱ्याचा नट वर चढवाल त्या चाकावर आणि कर्णरेषेतल्या समोरच्या चाकावर वजन वाढतं, उरलेल्या दोघांवर कमी होतं. एका कोपऱ्यात पूर्ण फेरा देण्यापेक्षा चारही कोपऱ्यांत पाव-पाव फेरा द्या, एका कर्णावर वर आणि दुसऱ्यावर खाली, म्हणजे गाडीची उंची हलत नाही.

उंची ठरल्यावरच अलाइनमेंट. सुरुवातीला पुढे दोन अंश उणे कॅम्बर (चाकाचं डोकं आत झुकलेलं) आणि टो (चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळलेली ते माप) शून्य, मागे कॅम्बर त्याहून थोडा कमी आणि एकूण २-३ मिलिमीटर टो-इन. टॉर्क वाढलेल्या गाडीत मागचा टो शून्यावर आणू नका, वळणातून बाहेर पडताना गाडी कुठल्या बाजूला जाईल ते कळणार नाही.

पाचशे किलोमीटरनंतर हे सगळं पुन्हा. नव्या स्प्रिंग तोवर बसलेल्या असतात, सबफ्रेमचे बोल्ट एखादा पाव फेरा घेतात. आणि हेडरला लागून गेलेल्या स्टीअरिंग शाफ्टच्या जोडाचे स्क्रू हाताने बघा. उष्णतेने तिथलं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, मऊ पडतं, म्हणून तिथे उष्णतारोधक बाही आणि स्क्रूमागे लॉकनट, दोन्ही हवेत.